पुनर्विकासाच्या काळात घरसामान कोठे ठेवावे?

नौपाडेकरीण

ठाण्यातील आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरला असून दिवाळीनंतर घर रिकामे करून द्यायचे आहे. विकासकाने बांधकामासाठी तीन वर्षांचा कालावधी सांगितला आहे. सध्याचे घर दोन बेडरूमचे आहे. विकासकाकडून मिळणाऱ्या भाड्यात, सासूबाईंचे डॉक्टर आणि मुलीची शाळा यांपासून फार दूर न जाता, एकाच बेडरूमचे घर परवडते. त्यामुळे निम्म्याहून अधिक सामान कोठेतरी ठेवावे लागणार आहे. त्यात सासऱ्यांनी करून घेतलेले सागवानी कपाट व पलंग, सहा खुर्च्यांचे जेवणाचे टेबल, तांब्या-पितळेची भांडी, शिवणयंत्र, हार्मोनियम, पुस्तकांची बरीच खोकी, दुसरा फ्रीज, इन्व्हर्टर आणि अलीकडेच करून घेतलेले पार्टिकल बोर्डाचे वॉर्डरोब आहेत.

चौकशीत तीन पर्याय समोर आले. शहरातच महिन्याच्या भाड्याने लहान खोली मिळते व तिला आपण आपले कुलूप लावतो, हा एक. पॅकर्स-मूव्हर्सचे भिवंडीकडील गोदाम, जेथे ते सामान बांधून, यादी करून स्वतःच्या ताब्यात ठेवतात, हा दुसरा. तिसरा पर्याय म्हणजे चिपळूणजवळचे आमचे बंद घर, ज्याला भाडे काहीच पडणार नाही. आमच्या ह्यांचा कल तिसऱ्याकडे आहे आणि माझा पहिल्याकडे. ज्यांनी हे केले आहे त्यांनी निवड कशाच्या आधारे करावी ते सविस्तर सांगावे, ही विनंती.

हिशेबनीस

जागा शोधण्याआधी काळ मोजा. सोसायटीच्या सभेत सांगितली जाणारी तीन वर्षे बहुधा बांधकामाची असतात; घर रिकामे झाल्यापासून काम सुरू होईपर्यंतचा परवानग्यांचा काळ त्यात धरलेला असतो का, हे करारात पाहावे लागते. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील, म्हणजे पत्राचाळीतील ६७२ कुटुंबांचा करार २००८ सालचा होता आणि ती माणसे दशकाहून अधिक काळ भाड्याच्या घरांत राहिली. हे टोकाचे उदाहरण आहे आणि प्रत्येक प्रकल्पाचे असे होत नाही, परंतु तीनाची साडेचार होणे मुळीच दुर्मीळ नाही. प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी झाली की तेथे विकासकाने स्वतः दिलेली पूर्णत्वाची तारीख कोणालाही पाहता येते. सामानाचा हिशेब त्या तारखेवर करावा आणि वर वर्षभराची भर घालावी.

आता आकडे. समजा, खोलीचे भाडे महिना ५,००० रुपये आहे. ३६ महिन्यांचे १,८०,००० झाले. घरसामानाच्या साठवणुकीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३२,४०० आणखी, एकूण २,१२,४००. काम एक वर्ष लांबले तर ७०,८०० वाढतात, आणि यात दरवर्षीची भाडेवाढ, अनामत रक्कम व दोन वेळच्या हमाली-टेम्पोचा खर्च धरलेला नाही. हा आकडा समोर ठेवून प्रत्येक वस्तूकडे पाहिले की निर्णय सोपे होतात. तुमचा दुसरा फ्रीज आणि ते वॉर्डरोब यांच्या वाट्याला येणारे भाडे त्यांच्या आजच्या विक्रीमूल्यापेक्षा नक्कीच जास्त होईल. सासऱ्यांच्या कपाटाला मात्र हा हिशेब लावू नका. ते पुन्हा विकत मिळणार नाही.

आणखी एक, जे सहसा शेवटी लक्षात येते: नव्या घराचा मंजूर नकाशा मागून घ्या आणि मोठ्या वस्तूंची मापे त्यावर टाकून पाहा. पूर्वीच्या सात फुटी कपाटाला नव्या लिफ्टमध्ये किंवा जिन्याच्या वळणावर जागा मिळत नाही, आणि चार वर्षे भाडे भरून ठेवलेली वस्तू अखेर इमारतीखालीच विकावी लागते.

सुतारपक्षी

माझा व्यवसाय लाकूडकामाचा असल्यामुळे लाकूड, कापड आणि कागद यांपुरतेच लिहितो. आपल्या भागात साठवलेल्या सामानाचे नुकसान चोरीने क्वचित होते. ते होते दमटपणाने. ठाणे-मुंबईत पावसाळ्यात हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते, आणि बंद जागेत ती ६० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते. म्हणून जागा पाहायला पावसाळ्यातच जावे, शक्यतो मोठा पाऊस पडून गेल्यानंतरच्या सकाळी. तुमच्या हातात अजून हे महिने आहेत, ते वापरा. आत शिरताना कुबट वास येतो का, भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यात रंगाचे पोपडे सुटले आहेत का, खोल्यांच्या पत्र्याच्या दारांची खालची कड गंजली आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. जागा वातानुकूलित आहे असे सांगितले गेले तर यंत्र रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चालू असते का ते विचारा. दिवसा थंड आणि रात्री बंद अशी जागा लाकडाला साध्या हवेशीर खोलीपेक्षा वाईट. आर्द्रता मोजण्याचे लहान यंत्र स्वस्तात मिळते, ते आपल्या खोलीत ठेवून द्यावे.

चांगल्या पिकलेल्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहज लागत नाही, हे खरे आहे. परंतु जुन्या कपाटाची पाठ आणि खणांचे तळ बहुधा प्लायवुडचे असतात आणि कीड तेथून शिरते. कपाट ठेवण्यापूर्वी पाठीमागून व खालून तपासून घ्या, बारीक भुगा दिसला तर आधी औषध मारून काही आठवडे थांबा आणि मगच हलवा. ते जमिनीवर न टेकवता लाकडी पॅलेटवर आणि भिंतीपासून वीतभर दूर राहील, असे पाहा. पॅकर्स लोक प्रवासासाठी सगळे प्लास्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळतात. प्रवासात ते योग्यच आहे, पण गोदामात तीच फिल्म आतली ओल आतच कोंडते. सामान जागेवर पोहोचले की ती काढायला लावून जुन्या सुती चादरी घाला. ही सूचना आधी लेखी द्यावी लागते, नाहीतर हमाल निघून गेल्यावर ती कोणी काढत नाही.

पार्टिकल बोर्डाविषयी हिशेबनीस यांच्याशी पूर्ण सहमत आहे. ते दमटपणाने फुगते आणि एकदा सुटे करून जोडले की स्क्रू पूर्वीसारखा धरत नाही. दोन स्थलांतरे ते सोसणार नाही.

कापसाच्या गाद्या साठवू नयेत. त्या ओल शोषतात आणि उंदरांना आवडतात. रेशमी आणि जरीच्या साड्या सोबतच न्या, प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे तर सुती कापडात, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. पुस्तकांसाठी लहान खोकी घ्यावीत, मोठी भरली की बूड सुटते. पितळेची भांडी चिंच-लिंबाने घासली असतील तर आंबटाचा अंश पूर्ण धुऊन, उन्हात वाळवून मगच कागदात गुंडाळावीत, कारण राहिलेला अंश हिरवे डाग पाडतो. शिवणयंत्राला तेल देऊन ठेवले की पुरे. हार्मोनियम मात्र गोदामात घालू नका. भात्याच्या घड्या आणि चामड्याचे तुकडे ओलीने व उंदरांनी जातात, आणि वाद्य वाजते राहिलेलेच बरे. ओळखीच्या कोणा शिकणाऱ्याकडे चार वर्षे वापरायला दिले तर ते अधिक सुरक्षित राहील.

वाशिष्ठीकाठचा

चिपळूणच्या पर्यायाबद्दल स्पष्ट लिहितो. २२ जुलै २०२१ रोजी आमच्या गावात किती पाणी चढले होते ते तुम्हांला माहीत असेलच. तुमचे घर उंचावर असले तरी बंद घर आणि कोकणातला पाऊस यांचा मेळ बसत नाही. कौले सरकतात, वाळवी भिंतीतून चढते आणि घर उघडायला कोणी नसल्यामुळे हे मे महिन्यातच कळते. घरात माणूस राहता असेल, रोज दारे-खिडक्या उघडली जात असतील, तर तांब्या-पितळेची भांडी आणि पाटा-वरवंटा यांसारख्या वस्तू तेथे अवश्य ठेवा. लाकूड आणि पुस्तके नकोत. शिवाय ठाणे-चिपळूण ट्रकचे दोन वेळचे भाडे धरले तर ‘भाडे काहीच नाही’ हा हिशेबही पूर्ण राहत नाही.

कलमबहाद्दर

पहिल्या दोन पर्यायांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे आणि तो जाहिरातींत दिसत नाही. पॅकर्सच्या गोदामात तुम्ही वस्तू त्यांच्या ताब्यात देता. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १४८ नुसार हा निक्षेप, म्हणजे परत घेण्याच्या बोलीवर वस्तू सोपवण्याचा व्यवहार, होतो, आणि कलम १५१ नुसार सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूंची जेवढी काळजी घेईल तेवढी घेणे त्यांच्यावर बंधनकारक असते. वस्तू खराब झाली तर आपण ती काळजी घेतली होती हे त्यांना दाखवावे लागते. स्वतःच्या कुलुपाच्या खोलीचा करार मात्र बहुधा केवळ जागा वापरण्याच्या परवानगीचा असतो. आत काय आहे हे आम्हांला ठाऊक नाही, त्यामुळे त्याची जबाबदारीही आमची नाही, अशी भूमिका चालक घेतो. अशा करारात त्यांचे कर्तव्य इमारत, पहारा आणि प्रवेशनियंत्रण यांच्या आसपास संपते. स्वातंत्र्य जास्त आणि जबाबदारीही आपलीच, असा तो व्यवहार आहे. वाद झाला तर केवळ शीर्षकावर नव्हे तर प्रत्यक्ष ताबा कोणाचा होता यावर बरेच अवलंबून राहते, परंतु तेथवर जाण्याची वेळ येऊ नये म्हणून करार आधी वाचावा.

वाचताना चार-पाच जागांवर बोट ठेवून थांबा. नुकसानभरपाईची कमाल मर्यादा किती लिहिली आहे? अनेक करारांत ती काही महिन्यांच्या भाड्याएवढीच असते. भाडेवाढ किती आणि किती दिवसांच्या सूचनेने? भाडे थकल्यास प्रवेश कधी बंद होतो, सामान विकण्याचा अधिकार त्यांनी घेतला आहे का, आणि विक्रीपूर्वी सूचना कोणत्या पत्त्यावर जाणार? हा शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण करारात पाडल्या जाणाऱ्या इमारतीचा पत्ता लिहिला गेला तर नोटीस कोठेच पोहोचणार नाही. चालकाने ती जागा स्वतः भाड्याने घेतली असेल तर त्याच्या मूळ कराराची मुदत किती आहे, हेही विचारावे. मध्येच सामान दुसरीकडे हलवले जाणार असेल तर तुमची संमती घेतली जाईल, असे लिहून घ्या.

अनेकांची समजूत असते की बँकेच्या लॉकरसारखे काही संरक्षण येथेही असेल. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतकी ठरवली आहे. तो नियम फक्त बँकांना आहे, गोदामांना नाही. दागिने, मूळ दस्तऐवज, शेअर प्रमाणपत्रे यांपैकी काहीही तेथे ठेवू नका.

तक्रारीची वेळ आलीच तर पैसे देऊन घेतलेली सेवा म्हणून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू होतो, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर नोंद करून पाहावी.

नौपाडेकरीण

सर्वांचे आभार. वाशिष्ठीकाठचा यांचे उत्तर घरात वाचून दाखवले आणि चिपळूणचा पर्याय भांड्यांपुरता उरला. दोन प्रश्न आहेत. भिवंडीच्या गोदामात आगीची भीती कितपत धरावी? आणि सध्या आमच्या घराचा जो विमा आहे, तो साठवलेल्या सामानाला चालेल का?

विमावाले काका

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: सर्वसाधारणपणे चालणार नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्या भारत गृहरक्षा ही प्रमाणित पॉलिसी देतात. तिच्यात इमारतीच्या विम्यासोबत घरातील सामानालाही संरक्षण मिळते, परंतु ते पॉलिसीत नोंदलेल्या घरातील सामानाला. घर रिकामे करून पाडायला दिल्यावर त्या पत्त्यावरील पॉलिसीचा तुम्हांला उपयोग नाही; भाड्याच्या घरातील सामानासाठी नवी पॉलिसी घ्यावी लागेल आणि साठवलेल्या सामानाचे वेगळे पाहावे लागेल. गोदामवाले ‘विमा समाविष्ट’ असे म्हणतात तेव्हा तो विमा कोणाच्या नावाचा आहे, हे विचारा. त्यांच्या इमारतीचा किंवा त्यांच्या दायित्वाचा विमा म्हणजे तुमच्या कपाटाचा विमा नव्हे. तुमचे नाव, सामानाची रक्कम, जागेचा पत्ता आणि मुदत लिहिलेले प्रमाणपत्र हातात आले तरच तो आहे असे समजा. बुरशी, कीड, गंज, हळूहळू होणारी झीज हे सगळे साधारणपणे वगळलेले असते, म्हणजे सुतारपक्षी यांनी ज्या नुकसानाला सर्वांत मोठे म्हटले त्यालाच विमा नसतो. त्यामुळे विमा आग आणि पुरासाठी घ्यायचा. दमटपणाचा बंदोबस्त जागा निवडतानाच करायचा.

सामान बांधण्याआधी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढा, आधीचे ओरखडे आणि तडे यांसह. खोक्यांवर क्रमांक घाला आणि यादीत क्रमांकापुढे आतील वस्तू लिहा. ‘किचनचे सामान’ एवढ्या नोंदीवर कोणताही दावा उभा राहत नाही.

आगीविषयी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, द्यावे लागते. त्याला ‘प्रपत्र ब’ म्हणतात. ताजे प्रपत्र मागावे. दाखवायला टाळाटाळ झाली तर पुढे बोलू नये. शेजारच्या गाळ्यांत काय भरलेले आहे तेही पाहा, कारण रसायने किंवा कापडाच्या गाठी शेजारी असतील तर तुमच्या गाळ्यातील यंत्रणा कितीही चांगली असली तरी धोका राहतो. पुराबाबत आसपासच्या जुन्या दुकानदारांना विचारा की २६ जुलै २००५ला येथे पाणी कुठवर होते. तळमजला टाळता आला तर टाळावा.

खाडीपलीकडून

मी दुबईत असतो. आईवडिलांच्या पश्चात साताऱ्याचे भाड्याचे घर सोडताना सामान पुण्यात साठवले, त्या अनुभवातून दोनच मुद्दे. करारात माझ्याबरोबर बहिणीचे नाव ‘सामान उघडण्याचा व नेण्याचा अधिकार असलेली व्यक्ती’ म्हणून घातले आहे. साठवणुकीच्या करारात लॉकरसारखे नामनिर्देशन नसते, त्यामुळे करार केलेला माणूस परदेशी असला किंवा त्याचे काही बरेवाईट झाले तर घरच्यांना स्वतःचेच सामान मिळवायला कागदपत्रे जमवत फिरावे लागते. दुसरे म्हणजे वारसांचे सामान असेल तर यादीवर सर्व भावंडांच्या सह्या घ्याव्यात. पुढे कोणती वस्तू कोणाची यावर बोलणे होण्यापेक्षा आधी झालेले बरे.

मुलुंडवासी

सर्वांचे वाचून वेगळे मत मांडतो. हिशेबनीस यांच्या उदाहरणातले कराशिवायचे ५,००० किंवा करासह ५,९०० रुपये तुम्ही घराच्या भाड्यात घातले तर कळवा किंवा मुलुंड पूर्व येथे एक जास्तीची खोली मिळू शकेल. सामान डोळ्यांसमोर राहील, वापरात राहील, विमा एकाच पत्त्याचा राहील आणि दोनऐवजी एकाच ठिकाणी हलवावे लागेल. आम्ही हेच केले. साठवणूक ही अल्पकाळासाठी चांगली सोय आहे. बदली, घराचे रंगकाम, दोन घरांच्या ताब्यांमधले अंतर, अशा काही महिन्यांच्या प्रसंगी तिला तोड नाही. तीन-चार वर्षांसाठी मला ती पटत नाही.

हिशेबनीस

मुलुंडवासी यांचा मुद्दा आकड्यांच्या दृष्टीने बरोबर आहे, फक्त त्यात एक भर घालतो. मोठ्या घराची अनामत आणि दलालीही मोठी असते, आणि भाडेकरार साधारणपणे अकरा महिन्यांचे असल्यामुळे घरमालकाने घर परत मागितले तर ते सगळे सामान मध्येच पुन्हा हलवावे लागते. शिवाय या सगळ्या खर्चाचा काही भाग विकासकाकडून मिळू शकतो. तुमचा विकासकाबरोबरचा वैयक्तिक करार अजून नोंदला गेला नसेल तर स्थलांतराचा खर्च जाताना आणि येताना असा दोन्ही वेळचा लिहिला आहे का, आणि काम लांबल्यास वाढीव भाडे कोणत्या दराने मिळणार, हे पाहून घ्या. साठवणुकीचा खर्च वेगळा मागायचा असेल तर तो सर्व सभासदांनी मिळून मागावा. एकट्याने मागितलेला मिळत नाही.

नौपाडेकरीण

करार अजून नोंदलेला नाही, त्यामुळे पुढील सभेत हा विषय मांडणार आहे. मोठ्या घराचे आम्हीही पाहिले, परंतु सासूबाईंना आठवड्यातून अनेकदा उपचारांना न्यावे लागते आणि त्या अंतरात जास्तीची खोली परवडत नाही. आता असे ठरते आहे: वॉर्डरोब, दुसरा फ्रीज आणि गाद्या काढून टाकायच्या, टेबल नंदेकडे जाईल, भांडी चिपळूणला, कारण तेथे शेजारचे कुटुंब आमचे माजघर वापरायला घेत आहे. उरलेले कपाट, पलंग, शिवणयंत्र आणि पुस्तके यांसाठी पहिल्या मजल्यावरील लहान खोली बघते आहे. एवढे थोडे सामान असल्यावर खोलीचा आकारही निम्मा झाला. देव आणि देव्हारा अर्थातच सोबत. शेवटची शंका इन्व्हर्टरच्या बॅटरीची आणि गॅसच्या दुसऱ्या सिलिंडरची आहे.

सुतारपक्षी

दोन्ही वस्तू कोणीही साठवून घेणार नाही आणि घेत असेल तर तेथे इतरांचेही असेच काही असेल, म्हणून ती जागा टाळा. बॅटरी न वापरता महिनोन्महिने पडून राहिली की उतरते आणि निकामी होते. ती विक्रेत्याला परत देऊन इन्व्हर्टर तेवढा ठेवा. सिलिंडरचे गॅस एजन्सीला विचारा. त्याच एजन्सीच्या भागात राहणार असाल तर फक्त पत्ता बदलावा लागेल. त्याच शहरात दुसऱ्या एजन्सीच्या भागात जाणार असाल तर जोडणी तिच्याकडे वर्ग करून घ्या. शहरच बदलत असेल तर सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून व्हाउचर घ्या आणि ते कागद जपून ठेवा, कारण नव्या ठिकाणी जोडणी त्यावरच मिळते.

पहिल्या मजल्याची ती खोली पाहताना कपाटाची उंची आणि दाराची उंची दोन्ही टेपने मोजा. अशा खोल्यांची दारे बऱ्याचदा कपाटापेक्षा बुटकी असतात, आणि जुने सागवानी कपाट खुंट्या काढून सुटे करायला अनुभवी सुतार लागतो, पॅकर्सचा माणूस नव्हे.